तुमी तारो झालात म्हणे

नवरा गेला त्या दिवशी दुपारी, स्मशानात गेलेली माणसं अजून परतलीही नव्हती, तेव्हा माझ्या मोबाइलवर पहिली कविता आली. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी ती पाठवली होती. तिच्यात एक पणती होती, एक वादळ होतं, आणि पणती विझली तरी प्रकाश मागे उरतो असं सांगितलेलं होतं. खाली जोडलेल्या हातांचं चित्र. मी पडवीत भिंतीला टेकून बसले होते. केसांतलं पाणी अजून निथळत होतं. कविता वाचून माझ्या मनात जे आलं ते असं: पणती विझली की अंधार होतो, बाई. प्रकाश कसा उरेल? जळक्या वातीचा वास उरतो थोडा वेळ.

त्यानंतर कवितांची रांगच लागली. मी या भागात कवयित्री म्हणून ओळखली जाते, हे त्याचं कारण. माझे दोन लहानसे कवितासंग्रह आहेत, तालुक्याच्या कार्यक्रमांत मला बोलावतात, आणि हायस्कूलमध्ये मी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे ‘वाईट झालं हो’ एवढंच मला म्हणणं लोकांना अपुरं वाटत असावं. कोणी कोषातून उडालेलं फुलपाखरू पाठवलं, कोणी पलीकडचा किनारा. एका ओळखीच्या गृहस्थांनी रोज सकाळी एक कविता पाठवायचा नेमच धरला. त्यांच्या कवितांमध्ये अश्रूंचे मोती व्हायचे, जखमांची फुलं व्हायची आणि शेवटच्या कडव्यात न चुकता सूर्य उगवायचा. खाली प्रश्न असायचा, “आता कसं वाटतंय?” जणू मला ताप आला होता आणि त्यांनी गोळी दिली होती.

मुलगा गोव्यात औषधांच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, “आई, वाचू नकोस ना. म्यूट कर.” मी म्यूट केलं. पण मग वाटायचं, कोणाचा कामाचा निरोप राहिला तर? पुन्हा उघडायची, पुन्हा फुलपाखरू.

रागावण्यासारखं कोणी काही वाईट केलेलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी राग यायचा. मला रडू मात्र येत नव्हतं. त्याचीही गावात चर्चा होती. “बाय घट्ट आसा,” असं एक बाई दुसरीला सांगताना मी ऐकलं. घट्ट कसली! माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं, ते म्हणजे विहिरीवरच्या पंपापाशी.

त्याचं असं झालं होतं. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. डेपोत म्हणे त्याच्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा तक्रार घेऊन येत नसे. घरी मात्र त्याने उघडलेली वस्तू क्वचितच पुन्हा बंद झाली. मिक्सर थोडा आवाज करायला लागला की हा तो उघडायचा. पंखा, रेडिओ, माझं शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, सगळं उघडायचं, भाग पुसून वर्तमानपत्रावर मांडायचे, आणि तेवढ्यात दुसरं काही आठवून उठायचं. निवृत्त झाल्यावर तर घरात एक धड वस्तू राहिली नाही. मी ओरडायची. तो शांतपणे म्हणायचा, “करतंय गो. माका कळलाहा काय झाला ता.” काय झालंय हे त्याला नेहमीच कळलेलं असायचं. नीट करणं तेवढं उरायचं.

त्या सकाळी पंप जरा दम खात होता. चहा पिऊन हा पाना घेऊन विहिरीवर गेला. “आत्ता पाणी चालू करतंय,” म्हणाला. मी चुलीवर भाताचं आधण ठेवत होते. पाना दगडावर पडल्याचा आवाज आला. त्याच्या हातून पाना पडणं नवीन नव्हतं, म्हणून मी लगेच गेले नाही. गेले तेव्हा तो सुपारीच्या झाडाला टेकून बसला होता, झोप लागल्यासारखा. शेजाऱ्याच्या रिक्षातून नेलं. डॉक्टर म्हणाले, आधीच संपलं होतं, तुम्ही लवकर आला असतात तरी काही झालं नसतं. पंप मात्र तसाच उघडा राहिला.

माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्या तेराव्यासाठी दोडामार्गाहून आल्या त्या गेल्याच नाहीत. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या. काजूच्या बागा एकटीने सांभाळल्या, मुलं वाढवली. त्यांना शांतता सहन होत नाही. उठल्यापासून बोलतात, आणि बोलायला कोणी नसलं की टीव्ही मोठ्याने लावतात. मला एकटं बसायचं असायचं आणि त्या मालिकेतल्या सुनेला सल्ले देत असायच्या. पंप बंद म्हणून आम्ही दोघी विहिरीतून दोरीने पाणी काढायचो. त्यांना गुडघ्याचं दुखणं, मला खांद्याचं. तरी कळशी कोणी उचलायची यावरून रोज वाद.

एकदा त्याच म्हणाल्या, “तू कविता लिवतंस मगे? मग लिव गो माझ्या भावार एक. लिवलंस की मोकळा वाटतला.”

“येत नाय वन्सं.”

“कित्या येत नाय? इतक्यो लिवलंस! पावसार लिवलंस, फुलार लिवलंस. घोवार येणा नाय?”

मला त्यांचा इतका राग आला की मी कळशी घेऊन तिथून निघूनच गेले. कारण बोलणं खरं होतं. मी प्रयत्न केला होता. कागद घेऊन बसले की ‘रिता किनारा’ यायचा. आमच्या घरातून समुद्र दिसतसुद्धा नाही. तारकर्लीच्या रस्त्याला आमचं घर, मध्ये दोन रिसॉर्टं, स्कूबाच्या पाट्या, गाड्या. किनारा कसला? पण मी कविता लिहायला बसले की हात आपसूक किनाऱ्यावर जायचा. माझा जुना संग्रह काढून दुःखाच्या कविता वाचल्या, तर तिथेही किनारा, तिथेही संधिप्रकाश. त्या वाचताना, मला रोज सूर्योदय पाठवणाऱ्या त्या गृहस्थांचा आणि माझा कारखाना एकच आहे असं वाटलं. मी पुस्तक मिटलं.

अशात आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. आम्ही एरवी मालवणीत बोलतो, पण वाचनालयाचं काम असलं की त्यांची भाषा बदलते.

“बाई, आपण एक काव्यसंध्या ठेवतो आहोत. विषय आहे, ‘वेदनेकडून उमेदीकडे’. दुःख, सावरणं आणि पुन्हा आशा. आपण आलंच पाहिजे.”

“मला नाही जमणार.”

“असं म्हणू नका. आपल्याइतकं या विषयावर सध्या बोलायला...” ते मध्येच थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

“अधिकारी व्यक्ती कोणी नाही, असंच ना?” मी म्हटलं.

ते बिचारे चहा न घेताच उठले. दुसऱ्या आठवड्यात बाजारातून वन्सं आल्या आणि म्हणाल्या की वाचनालयाच्या फळ्यावर माझं नाव लिहिलंय. मी फोन केला. ते म्हणाले, “बाई, आपण नाही म्हणालात ते मी मनावर घेतलं नाही.” नवरा गेला की बाईच्या ‘नाही’ला फारशी किंमत राहत नाही, हे मला तोवर कळायला लागलं होतं. गॅसवाल्यापासून सगळेच, ‘तुमच्या मुलाला विचारून सांगतो’ म्हणत होते.

पंप दुरुस्त करणारा एक माणूस शहरात आहे. त्याला मी रोज फोन करत होते. “वाटेर आसंय बाई,” असं तो रोज सांगायचा. त्याची ती वाट कुठून कुठे जात होती देव जाणे. पर्यटकांचा हंगाम होता आणि सगळ्या लॉजवाल्यांचे पंप म्हणे एकाच वेळी बिघडले होते. शेवटी एका सकाळी तो आला. विहिरीवर वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “बाई, ह्येचो पंखो खंय आसा? आतलो, पाणी ओढणारो. पितळेचो.”

“तिथेच असेल.”

“नाय. काढून ठेवलेलो दिसता. तो गावल्याशिवाय काय एक होणा नाय. नवीन घालूचो तर कुडाळाक बघूक व्हयो. तुमी सोदा, मी उद्या येतंय.” एवढं सांगून तो स्कूटरवर बसून गेला.

मग मी आणि वन्सं शोधायला लागलो. नवऱ्याचे पत्र्याचे डबे होते. बिस्किटांचे, साबणाचे, रंगाचे. माळ्यावर, खाटेखाली, देवघराच्या मागे. आम्ही ते एकेक करून दारापुढच्या खळ्यात आणून ओतले. नट, बोल्ट, वायसर, सायकलची घंटी, कुठल्याही कुलुपाची नसलेली किल्ली, माझ्या चष्म्याची काडी, जी मीच हरवली असं त्याने मला पटवलं होतं. मिक्सरचं झाकण. घड्याळाचे काटे तर साखरेच्या जुन्या डब्यात निघाले. पंख्याचा पत्ता नाही. ऊन डोक्यावर आलेलं, हात तेलाने काळे, आणि खळ्यात एवढं लोखंड पसरलेलं की पाय ठेवायला जागा नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. रोजच्या गृहस्थांची कविता. त्या दिवशी उशिरा आली होती. ‘ते गेले नाहीत, ते तारा झाले आहेत.’

मी मोबाइल पायरीवर ठेवला, विहिरीकडे तोंड केलं आणि ओरडले.

“अवो! खंय ठेवलात तो पंखो?”

वन्संनी दचकून वर बघितलं.

“सगळा उघडून ठेवलात नि गेलात! आता मी कोणाक इचारू? एक वस्तू, एक वस्तू पुरी केलात काय जल्मात? मी सांगी होतंय, आधी ता बंद करा, मगे ह्या उघडा. आयकलात कधी? आता बसा थंय वर तारो होवन!”

मला वाटलं, वन्सं मला धरतील, शांत करतील, ‘असं बोलू नये गेलेल्या माणसाला’ म्हणतील. त्यांनी हातातला डबा जोरात खाली आपटला.

“तो तसोच!” त्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. “बारको होतो तेवापासून तसोच! बापाशीचा घड्याळ उघडल्यान, ता जल्माचा बंद पडला. माझ्या लग्नात गॅसबत्ती उघडल्यान! मांडवात काळोख! माझ्या सासरचे काय काय बोलले माका, आणि हो हसता थंय उभो रवून!”

“माझा शिलाई मशीन!” मी म्हटलं.

“आवशीचो रेडियो!”

“नवो मिक्सर, वन्सं! नवोकोरो! कसो चलता ता बघूक उघडल्यानी!”

किती वेळ आम्ही दोघी अशा ओरडत होतो कोण जाणे. शेजारीण कुंपणापाशी आली. नणंद-भावजयीचं भांडण जुंपलं असं तिला वाटलं. “काय झाला गो? सोडवूक येव काय?” तिने विचारलं. वन्सं म्हणाल्या, “तू मधी पडू नको, आमी माझ्या भावाक गाळी घालतो.” शेजारणीचं तोंड बघून मला हसू फुटलं. वन्संना पण फुटलं. हसता हसता माझा श्वास अडकला आणि मग मी रडले. पायरीवर बसून, काळे हात तोंडाला लावून, पोरीसारखी रडले. वन्सं काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत असं तेव्हाच काय ते झालं. त्यांनी खाली बसून नट एका बाजूला आणि वायसर दुसऱ्या बाजूला लावायला घेतले, आणि माझं रडणं थांबेपर्यंत लावतच राहिल्या.

पंखा सापडला नाही तो नाहीच. पुढे नवीन आणून घातला, पाणी सुरू झालं, आणि त्याने तसाच ठेवलेला गळका नळही पुन्हा रात्रभर टिपकायला लागला. पण शोधाशोध झाली त्याच संध्याकाळी भात शिजायला ठेवून मी ओट्याशी उभ्या उभ्या एक कागद घेतला आणि विहिरीपाशी जे ओरडले होते ते लिहून काढलं. मालवणीत लिहिलं. नळाच्या ओळी मागाहून जोडल्या. तोवर मी एकही ओळ मालवणीत लिहिली नव्हती. शाळेत मुलांच्या वह्यांतलं ‘माका’ खोडून त्यावर ‘मला’ लिहिणं हा माझा व्यवसाय होता, कविता आपोआप त्याच भाषेत व्हायची. पण नवऱ्याशी मी प्रमाण भाषेत कधी भांडलेच नव्हते. त्यामुळे त्या भाषेत त्याच्यावर काही येणं शक्यच नव्हतं, हे मला ओट्याशी उभी असताना कळलं.

काव्यसंध्येला मी जायचं ठरवलं. अध्यक्षांना बरं वाटलं. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. ध्वनिक्षेपक मधूनच कुईं करायचा. माझ्या आधी बरेच कवी झाले. पहिल्याच्या कवितेत लाट होती, दुसऱ्याच्या कवितेत लाट आणि नाव, तिसऱ्याने दीपस्तंभ आणला. एकाने तर सांगितलं की दुःख ही देवाने दिलेली भेट आहे. माझ्या शेजारी बसलेल्या वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हेका खंय काय झालाहा?” मी त्यांच्या हाताला चिमटा काढला.

माझी पाळी आली. मी प्रस्तावना केली नाही. कागद काढला आणि वाचलं.

अवो,
पंप उघडून ठेवलात नि गेलात.
पंखो खंय ठेवलात ता सांगूक काय झाला होता?
मिक्सराचा झाकाण माळ्यार,
रेडियोचा पोट खाटीखाली,
घड्याळाचे काटे साखरेच्या डब्यात.
ह्या घरात आता
बंद करूक येयत अशी एकच वस्तू रवली,
माझा तोंड.
ता पण बंद होणा नाय.
लोक सांगतत, तुमी तारो झालात म्हणे.
तारो होवच्या आदी
गळको नळ तरी नीट करूक व्हयो होतो.
रातभर टिपकता.
मी आयकत रवतंय.
बंद करूक माणूस बोलवलंय,
पण नको येव दे, असा पण वाटता.

साखरेच्या डब्याच्या ओळीला कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. विधवेच्या कवितेला हसायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. मग वन्सं खो खो हसल्या आणि सगळ्यांना परवानगी मिळाली. शेवटच्या ओळींना मात्र कोणी हसलं नाही. मी खाली येऊन बसले. अध्यक्षांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, “बाईंची कविता वेगळी होती. वेदना तर त्यात आहेच. उमेद... उमेद आपण श्रोत्यांनी शोधायची.”

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “बाई, शेवटी दोन ओळी आशेच्या घालता आल्या तर बघा. स्मरणिकेत छापायची आहे.”

“प्लंबर सोमवारी येतो म्हणालाय,” मी म्हटलं. “त्याच्याइतकी आशा माझ्याकडे दुसरी नाही.”

स्मरणिकेत त्यांनी ती छापली. शेवटी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं.

पण कार्यक्रमाच्या त्याच संध्याकाळी, सभागृहाच्या पायऱ्यांवर मी चपला शोधत असताना, लोक येऊन मला काहीबाही सांगायला लागले. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “माझी बायल सगळी लोणची घालून गेली नि एकाही बरणीवर काय लिवल्यान नाय. मी रोज एक उघडतंय. काल आंब्याचा समजून मिरचीचा खाल्लंय.” ते बोलताना रागाने लाल झाले होते. एक तरुण मुलगी म्हणाली, आईने मोबाइलचा लॉक कुणालाच सांगितला नाही, आता आतले सगळे फोटो अडकलेत, आणि मला आईचा इतका राग येतो की काय सांगू. एकालाही मी ‘आता कसं वाटतंय’ असं विचारलं नाही. “मग तुम्ही काय केलंत?” एवढंच विचारत राहिले. वन्सं आंब्याचं लोणचं मिरचीच्या लोणच्यापासून वेगळं कसं ओळखावं ते समजावत बसल्या.

मीच त्या मुलीला म्हटलं, ये एकदा घरी, लिहून काढू. बुधवारी दुपारी ती आली. पुढच्या खेपेला लोणचीवाले गृहस्थ आले, त्यांच्याबरोबर त्यांची वहिनी. मग आणखी दोघी-तिघी. आम्ही खळ्यात बसायचो. नियम असा काही नव्हता. जो गेलाय त्याच्याशी जे भांडण राहिलंय ते सांगायचं. कोणी लिहून आणायचं, कोणाचं मी लिहून घ्यायची. अध्यक्षांना कळल्यावर ते आले आणि म्हणाले, उपक्रम स्तुत्य आहे, याला ‘आशाकिरण’ असं नाव देऊ, बॅनर करू, उद्घाटनाला कोणाला तरी बोलावू. मी हात जोडले. तरी त्यांनी एक बॅनर करून आणलाच. वन्संनी तो काजू वाळवायला दोडामार्गाला पाठवून दिला.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं असं मात्र कोणी समजू नये. एका बुधवारी शेजारणीने आपल्याबरोबर एका बाईला आणलं. तारकर्लीच्या एका लॉजवर ती पर्यटकांचं जेवण करते. तिचा मुलगा पर्यटकांच्या बोटीवर काम करायचा, गेल्या पावसाळ्याआधी मोटरसायकलवरून जाताना वळणावर गेला. तरणाताठा. ती आली, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी लोणचीवाल्यांनी बायकोने लपवून ठेवलेल्या मुरंब्याची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. ती बाई उठली.

“तुमका हसूक येता,” ती म्हणाली. “तुमची माणसा पिकली होती.”

आणि ती निघून गेली. लोणचीवाले म्हणाले, “माझा चुकला काय?” काय सांगणार? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं आणि तिचंही. मला माझाच वैताग आला. एका पंपावर कविता लिहून मला वाटायला लागलं होतं की मला काहीतरी सापडलंय, आणि ते सगळ्यांना चालेल. सूर्योदय पाठवणाऱ्यांनाही असंच वाटत असणार.

मी तिच्याकडे जाऊन यायचा विचार करत होते, पण गेले नाही. जाऊन काय बोलायचं ते कळेना. पुढच्या बुधवारी ती स्वतःच आली. त्याच कोपऱ्यात बसली. त्यानंतरही येत राहिली. येताना कोकमं आणायची, फोडायला. हात चालू ठेवायचे आणि ऐकायचं. कोणी हसलं तर तिच्या कपाळावर आठी यायची, पण उठायची नाही. वन्संनी तिला मधूनच काहीतरी विचारायचा प्रयत्न केला, मी डोळ्यांनी दटावलं. वन्सं मला म्हणाल्या, “मी काय तिका खावक निघालंय?”

मग एकदा, सगळ्यांचं सांगून झालं होतं, चहा व्हायचा होता, तेव्हा ती कोकम फोडता फोडता बोलायला लागली. वर न बघता.

“हेल्मेट खुटयेक अडकवलेला होता,” ती म्हणाली. “मी म्हणालंय, घाल रे. तो म्हणालो, हंय जवळच जातंय. म्हणालंय, जवळ असला म्हणून काय झाला? तर तो म्हणालो, केस इस्कटतत. केस!” तिने सुरी खाली ठेवली. “केसांक जपल्यान तो. त्येच्या केसांक मीच तेल घाली होतंय. मेल्या, केसांक जपलंस, आणि आवशीक?”

माझ्या हातात पेन होतं. लिहू की नको ते मला समजेना. तिनेच माझ्याकडे बघितलं.

“लिव. सगळ्यांचा लिवतंस मगे? माझा पण लिव.”

मी लिहिलं. तिने म्हटलं तसंच, तेवढंच. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि “परत” म्हणाली. मी परत वाचलं. त्यात लाट नव्हती, दिवा नव्हता, आणि तिला बरं वाटलं की नाही ते मी विचारलं नाही. पदराने तोंड पुसून ती पुन्हा कोकमाकडे वळली.

खळ्यात अशी शांतता झाली की मोबाइलवाल्या मुलीच्या हातातल्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. वन्संना अर्थातच ती सोसवेना.

“रात्री काय घालतलंस पावण्यांका?” त्यांनी तिला विचारलं.

मी कपाळाला हात लावला. आता, यावेळी, हा प्रश्न!

त्या बाईने मान वर केली आणि तिचा आवाज एकदम चढला.

“काय घालतलंय! बांगडे साफ करून ठेवलंय. तिरफळा घालून तिकला करूचा म्हणून वाटाप वाटलंय. आणि सकाळी मालक सांगता, आजचे पावणे पनीर मागतत. पनीर! मालवणात येवन!”

“पनीर?” लोणचीवाले ओरडले. त्यांना जणू वैयक्तिक दुखावलं होतं.

“परवा एकान माका सोलकढीत साखर घालूक सांगल्यान!”

“मगे तू काय केलंस?” वन्सं पुढे सरकल्या.

“काय करतलंय? मी म्हणालंय, बाबा, तुझी कढी, घाल तू. माझ्या हातान होवचा नाय.”

मग शेजारीण चिकनमध्ये बटाटा मागणाऱ्यांबद्दल सांगू लागली, मुलगी नारळपाण्यात बर्फ मागणाऱ्यांबद्दल, आणि सगळे एकाच वेळी बोलू लागले. ती बाई सर्वांत मोठ्याने बोलत होती, हातातली सुरी हवेत नाचवत. मी उठून चहाचं आधण ठेवायला आत गेले. आतूनसुद्धा तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.